विश्वातला जन्मदर

तमाम कोल्हापूरकरांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, विश्वात ताऱ्यांचा जन्मदर घटला आहे. ही बातमी मला बिद्रीच्या एसटीत शेजारी बसलेल्या मुलीने दिली. दूरच्या दीर्घिकांमध्ये किती तारे जन्मतात, ते ती मोजते. नाव विचारायचं राहूनच गेलं.

आपल्या गावच्या शाळेत भाषण द्यायला ती निघाली होती आणि खिडकीकडे बघत पुटपुटत होती. "इंग्रजीत जमतं हो काका. पण गावात कुणाला कळलंच नाही तर आई म्हणेल, एवढं शिकून काय केलंस?"

"मग माझ्यावर कर की तालीम!"

तिने मूठ ओढणीखाली लपवली. "हा नवा तारा, ही भोवतीची धूळ. तारा दिसत नाही, पण धूळ तापते आणि ती ऊब इन्फ्रारेड दुर्बीण टिपते. उघडे तारे अतिनील प्रकाशात मोजायचे, झाकलेले उबेवरून, मग बेरीज."

मी सगळं कळल्यासारखी जोरात मान हलवली. तिचा चेहरा पडला. तसली मान तिच्या ओळखीची असावी. तेवढ्यात पुढच्या सीटवरची आजी गर्रकन वळली आणि अख्ख्या एसटीला ऐकू जाईल अशी ओरडली, "म्हंजे बाळंतिणीची खोलीच की गं! दार लावलेलं असलं तरी शेगडीची धग आली की समजायचं, आत बाळ हाय!"