भावोजींच्या पाच कंपन्या

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, आतापर्यंत पाच कंपन्यांचे संस्थापक झाले. तिसाव्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली. "दुसऱ्याच्या स्वप्नासाठी राबणार नाही," म्हणाले. मग त्यांच्या स्वप्नासाठी बहीण राबायला लागली. प्रोग्रामिंग तिला येतं. त्यांना बोलता येतं.

पहिली कंपनी गाडी लावायला जागा शोधून देणार होती. जागा दिसायची, पण पोचेपर्यंत तिथे दुसऱ्याचीच गाडी उभी. दुसरी पाणी प्यायची आठवण करायची. तहान लागली की माणूस आपण होऊन पितो, हे कळायला त्यांना अकरा महिने लागले. दोन्हींना ते अपयश म्हणत नाहीत. "शिकायला मिळालं," म्हणतात.

तिसरी मात्र चालली, कारण ती बहिणीला सुचली होती. मुलांच्या डॉक्टरांकडे तीन दिवस बाकावर बसून तिने सगळं पाहिलं आणि घरबसल्या नंबर लावायचं अ‍ॅप लिहिलं. तापलेली पोरं मांडीवर घेऊन ताटकळणं थांबलं. वर्षभरात सव्वीस दवाखाने जोडले गेले.

भावोजींना कंटाळा आला. "यात भव्य असं काही नाही." एका गुंतवणूकदाराने मान डोलावली आणि यांनी ठरवलं, आता चौथी कंपनी, खोकला ऐकून रोग ओळखायचा. नंबरांची सोय त्यांनी एका रविवारी परस्पर बंद केली. बहिणीला सांगितलंसुद्धा नाही.

सोमवारी सकाळी पहिल्या दवाखान्यातून फोन आला. काउंटरवरची बाई रडकुंडीला आली होती. चाळीस जण एकदम आत शिरले होते आणि प्रत्येकाचाच नंबर पहिला.

भावोजी कॉफी ढवळत म्हणाले, "बदल लोकांना लगेच पचत नाही."

बहिणीने वही घेतली, दवाखाना गाठला आणि दुपारपर्यंत दारात उभी राहून हाताने नंबर लिहून दिले. घरी येऊन म्हणाली, "उद्यापासून मी तुझ्या कंपनीत नाही. घरात राहा, पण मला काही समजावू नकोस."

खोकल्याच्या अ‍ॅपने दाराची करकर ऐकून दमा सांगितला. तेही बुडालं.

पाचवी कंपनी अजून तग धरून आहे. अपयशातून कसं शिकावं, यावर भावोजी भाषणं देतात. मी एकदा गेले होते. सभागृह गच्च भरलेलं. शेवटी एका बाईंनी विचारलं, "त्या दवाखान्यांचं पुढे काय झालं?"

भावोजी म्हणाले, "कुठले दवाखाने?"

ते सोंग करत नव्हते. खरोखरच विसरले होते. लोकांना वाटलं विनोद केला, टाळ्या पडल्या.

बहीण आता एका इस्पितळात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी जुनं अ‍ॅप चालवते. परवा मी विचारलं, "कुठवर आलं?"

"एकोणीस दवाखाने परत आले," ती म्हणाली. "बाकीच्यांचं वहीवर चांगलं चाललंय. मीच म्हटलं, राहू दे."