सुलभाच्या बुटाला परकराची नाडी

आज १४ जून. परकरात नाडी ओवताना मोहन्याचं मैदान आठवलं.

सुलभा आमच्या मुलींच्या फुटबॉल संघाची हुकमी गोल मारणारी. गुडघ्याला मार लागून तिची नस दुखावली आणि वर्ष झालं तरी उजवं पाऊल वर उचलेना. ती बाहेर बसल्यापासून आम्ही हरतच होतो. बाळकुमच्या संघाविरुद्धही हरलो, तर आमचा संघ बंद होणार होता.

त्या सामन्याआधी मी पिशवीतल्या माझ्या परकराची नाडी ओढून काढली आणि तिच्या बुटाचं टोक वर खेचून नडगीला बांधलं. लंगडणं दिसेनासं झालं.

“पळू नकोस. नुसती उभी राहा गं,” मी म्हटलं.

“उभी राहून काय करू, गजरे विकू?”

पण तिला पाहताच बाळकुमच्या दोघी तिला चिकटल्या, त्या शेवटपर्यंत हलल्या नाहीत. सुलभा हात वर करून “मला दे, मला दे!” ओरडत राहिली आणि मोकळ्या सुटलेल्या आम्ही दोन गोल मारले.

तेव्हा वाटलं, माझ्या नाडीने सामना जिंकला. आता कळतं, पळता येत नसताना मैदानात उतरायला सुलभाच लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारातून नवी नाडी आणली. जुनी तिने परत दिलीच नाही. रविवारी पुढचा सामना होता.