सायाळीचं पिल्लू खदानीतच राह्यलं

सरक जवळ. मी लिहून राह्यली हौ, पण तू वाचशील तवा माह्या बाजूले बसली आहेस असंच मी धरते. आणि आधी रागावून घेते. फोनवर "हाँ नानी, ठीक है नानी" म्हणून ठेवून देतेस, हे बरं नाही, पोरी. लहानपणी आजी म्हणायचीस. नानी कधी झाली मी?

तुही माय नोकरीसाठी नागपूरले गेली, तवा तू सहा वर्षांची होतीस. दीड वर्ष माह्याजवळ राह्यलीस. मले शाळेतलं काही शिकवता येत नव्हतं, म्हणून मी गोष्ट रचली. जुन्या मँगनीजच्या खदानीखाली एक राजा राहते. तो जनावरांच्या सावल्या गिळते. ज्याची सावली गेली, त्याले त्याची मायसुद्धा ओळखत नाही. एका सायाळीच्या पिल्लाची सावली गेली. माय त्याच्याकडे पाहे आणि म्हणे, "कोणाचं रे तू?" मग ते एवढंसं पिल्लू सावली आणाले खदानीत उतरलं. खाली दारंच दारं. एकेका दाराले आपल्या अंगचा एकेक काटा काढून द्यायचा, तवा दार उघडे.

संध्याकाळी भाकरी थापता थापता मी रोज एक दार उघडत होती. तू चुलीजवळ बसून हौ, हौ म्हणत जायचीस. मधीच विचारायचीस, "पण शेवटी माय ओळखते ना त्याले?"

"पाहू," मी म्हणायची. तू काहून विचारतेस, हे माह्या डोक्यातच आलं नाही.

मग मायनं तुले बोलावलं. सकाळीच तुहा मामा वारासिवनीहून मोटरसायकल घेऊन आला, गोंदियाहून गाडीनं तुले नागपूरले पोचवून द्याले. तू चप्पल घालून दारात अडून बसलीस.

"आजी, शेवट सांग. मंगच जाते मी."

"दिवसा गोष्ट सांगत नाही, बाई. मामा वाट चुकते."

"मामा तर इथंच हाय!"

थैला बांधता बांधता तुहा मामा हासला. "सांगून टाक ना माय. राजेगाववरून गोंदियाचा रस्ता सरळ नाकासमोर. चुकाले जागा तरी कुठं हाय?"

"तू गाडी पाह्य आपली," मी त्याच्यावरच खेकसली.

आता खरं सांगते. आपल्याकडे दिवसा गोष्ट सांगत नाहीत, हे खरंच आहे. पण मी त्या मामाच्या आड लपली. शेवट मले माहीतच नव्हता. रोजचं रोज रचत होती मी. पिल्लाजवळ तीन काटे उरले होते आणि पुढं दारं किती, हे मलेच ठाऊक नव्हतं.

आठ दिवसांनी तुहा फोन आला. "आजी, निघालं का पिल्लू?" त्याच्या आधीच तुही माय मले बोलली होती, "आई, काय भरवलं पोरीच्या डोक्यात? अभ्यासात लक्षच नाही तिचं." मले राग आला होता. तिचा राग मी तुह्यावर काढला. म्हटलं, "गिळलं राजानं त्याले. खतम. आता पुस्तक उघड."

तू हळूच म्हटलंस, "ठीक है."

त्यानंतर गोष्ट कधी मागितली नाहीस. मी समजली, पोरगी मोठी झाली.

मागच्या महिन्यात एका लग्नात तुही माय हासत हासत सांगून राह्यली होती. म्हणे, नागपूरले आल्यावर कितीतरी दिवस ही सकाळी उठली का माह्यासमोर उभी राहे आणि विचारे, "मम्मी, ओळखतेस ना मले?" बाया हासल्या. माह्या हातातला घास हातातच राह्यला.

दीड वर्ष तू मायची वाट पाहून राह्यली होतीस आणि मी तुले असली गोष्ट सांगत बसली. वरून पिल्लूही मारून टाकलं.

आता तू कॉलेजात आहेस, तुले हे आठवतही नसेल. मले आठवते. फोनवर सांगायची हिंमत होत नाही, तू मधीच "ठीक है" म्हणशील असं वाटते. पिल्लाले राजानं गिळलं नव्हतं, पोरी. मी खोटं बोलली. ते बाहेर कसं येते, हे मले एकटीले अजून सुचत नाही. तू समोर बसलीस तर सुचंल. लंबी सुट्टी पाहत बसू नको, दोन दिवस काढ आणि लवकर येऊन जा.