क्रुसावरची चुंबळ

आमच्या विहिरीच्या कठड्याला लागून सिमेंटचा एक क्रूस आहे. माझ्या खांद्याइतका उंच, चुन्याने रंगवलेला, आणि सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी ओतलेला असल्यामुळे एका अंगाला कललेला. गेल्या उन्हाळ्यात मला तो झाकायला सांगितलं गेलं. मी झाकला नाही. गोष्ट एवढीच आहे, पण तिच्यापायी माझी जन्माची मैत्रीण माझ्या हातून जायची वेळ आली होती, म्हणून सांगते.

विहीर आणि ख्रिस्ती म्हटलं की आमच्या किनाऱ्यावर लोकांना एकच गोष्ट आठवते. म्हणे जुन्या काळी पाद्र्यांनी रात्रीतून विहिरीत पाव टाकला, सकाळी गाव ते पाणी प्यायलं आणि अख्खं गाव बाटलं. माझ्या माहेरच्या शाळेत पोरं मला नावाने हाक मारायचीच नाहीत, 'पाव' म्हणायची. मी रडत घरी यायचे. लग्न होऊन मुरुडच्या अलीकडच्या या गावात आले, तर सासऱ्यांना ती गोष्ट सांगून झाल्यावर हसायची सवय. ते म्हणायचे, "पाण्यात पाव टाकला तर त्याचा लगदा होतो गं. ख्रिस्ती व्हायला त्याहून जास्त मेहनत लागते." त्या दिवसापासून मी रडणं सोडलं.

माझी मैत्रीण त्याच वर्षी शेजारच्या आळीत सून म्हणून आली. तिच्या सासरची भाताची शेती. पहिल्याच दिवशी ती आमच्या विहिरीवर आली, पोहरा ओढायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून डोक्यावरची, हंड्याखाली ठेवायची कापडाची चुंबळ काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ क्रुसाच्या आडव्या हातावर अडकवली. मी ती काढायला पुढे झाले. ओट्यावरून सासरे बघत होते. ते एवढंच म्हणाले, "राहू दे. त्यालाही काहीतरी काम हवं." तेव्हापासून तिची चुंबळ तिथेच लटकायची. हंडा भरला की ती चुंबळ उचलायची, डोक्यावर ठेवायची, वर हंडा, आणि चालायला लागायची. त्या कललेल्या हातावर चुन्याचा रंग कधी टिकला नाही.

मग किनाऱ्याला रिसॉर्टं झाली. प्रत्येकाने बोअर मारली आणि खालच्या विहिरी मे महिन्यात मचूळ व्हायला लागल्या. नळ दारोदार आहेत, त्यांना पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून सांगतात. आमची विहीर डोंगराच्या कुशीत, ती गोडच राहिली. गेल्या उन्हाळ्यात अर्धा गाव तिच्यावर यायला लागला. मी फाटकाची कडी काढून ठेवली. कुणाला काही विचारलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही. माणसं पाणी भरत होती, मी ओट्यावर बसून कोळंबी सोलत होते.

कुणीतरी फोटो काढला. बायकांची रांग आणि मधोमध क्रूस. तो गावाच्या ग्रुपवर फिरला, खाली लिहिलेलं की पाण्याच्या नावाखाली काय चाललंय ते बघा. दुसऱ्या दिवशी माझ्या मैत्रिणीचा मुलगा आला. त्याचे दोन ट्रक आहेत, गावात त्याच्या शब्दाला वजन आहे. लहानपणी याच विहिरीच्या पाण्याने मी त्याला अंघोळ घातलीय, आणि डोळ्यात साबण गेला म्हणून त्याने मला चावलंय. तो अदबीने बोलला.

"मावशी, पानी बंद करा आसा कोन सांगत न्हाय. फकस्त तो क्रूस झाका. उन्हाल्यापुरता. ताडपत्री मी देतो."

"झाकायला ते काय लोणचं आहे?" मी म्हणाले.

"मग आमच्या आलीतल्या बायका येनार न्हाईत."

त्याने ताडपत्रीची घडी कठड्यावर ठेवली आणि गेला. आणि खरोखरच बायका यायच्या थांबल्या. माझी मैत्रीणसुद्धा. रहाट नुसताच उभा. ती येत नाही हे मला इतकं लागलं की जेवण जाईना. रागही तिचाच जास्त आला.

त्यात आमच्या चर्चच्या कमिटीतले एक काका आले. मला वाटलं, पाठीशी उभे राहायला आले असतील. त्यांनी चहा घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, "झाकून टाक. दिवस बरे नाहीत. श्रद्धा मनात असते, सिमेंटमध्ये नाही. आपली वेळ येईल तेव्हा बघू."

"वेळ काय एसटी आहे, थांब्यावर उभं राहून वाट बघायला?" मी विचारलं. "आणि एसटी तरी कधी वेळेवर आलीय काका?"

ते रागावले. कप अर्धा टाकून उठले आणि फाटकातून म्हणाले, "तहानलेल्याला पाणी देणं मोठं, की तुझा हट्ट मोठा?"

हे मात्र जिव्हारी लागलं, कारण प्रश्न खरा होता. माणसांना पाणी हवं होतं आणि मधे माझा क्रूस होता. ज्याच्या नावाचा तो क्रूस, त्याने काय केलं असतं? मला वाटतं, त्याने आधी पाणी दिलं असतं. मी उठून ताडपत्री उलगडली. निळी, नवीकोरी, प्लॅस्टिकचा वास येणारी. क्रुसावर टाकायला हात वर केले आणि तिथेच थांबले. मला शाळेतली ती पोरगी आठवली, जी 'पाव' म्हटल्यावर मान खाली घालायची. तिने काय लपवलं होतं? काहीच नाही. नुसती मान खाली घातली होती, आणि रोज थोडी आणखी खाली जात होती. ताडपत्री आज क्रुसावर जाईल, उद्या घराच्या दारावरच्या क्रुसावर, परवा माझ्या गळ्यातल्या. आणि असं झाकून दिलेलं पाणी मी दिलेलं नसेलच, माझ्या भीतीने दिलेलं असेल. मी ताडपत्रीची घडी घातली.

पण काकांचा प्रश्न शिल्लक होताच. क्रूस झाकणार नाही, हे ठरलं, म्हणून तहान काही थांबत नव्हती. आपण रोज प्रार्थनेत भाकर मागतो ती आजची मागतो. उद्याची मागायची सोयच प्रभूने ठेवलेली नाही. मग पाणी तरी उद्यावर का ढकलायचं? बायका विहिरीवर येत नसतील, तर विहिरीने उठून जावं.

मी हंडा भरला. माझ्याकडे चुंबळ नव्हती, जुना टॉवेल गुंडाळून डोक्यावर ठेवला. गळ्यातला क्रूस पदराखालून बाहेर काढला, ताडपत्रीची घडी काखेत मारली आणि मधल्या रस्त्याने, भर सकाळी, सगळे ओट्यावर असताना त्यांच्या आळीत गेले. गुडघे कुरकुरत होते, अर्धं पाणी पाठीवरून ओघळत होतं. बायका दारात येऊन बघत होत्या. मी कुणाकडे बघितलं नाही.

मैत्रिणीच्या ओट्यावर तिचा मुलगा फोन घेऊन बसला होता. तो उठून उभा राहिला. "मावशी, ह्ये काय?"

"पाणी," मी म्हणाले. "पाव टाकलेला नाही. वाकून बघून घे."

आतून माझी मैत्रीण आली. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या भिजलेल्या पाठीकडे पाहिलं, आणि हंडा दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावरून उतरवून घेतला. मला वाटलं काही बोलेल. ती एवढंच म्हणाली, "टावेल काय डोक्यावं ठेवतात? मान मोरंल ना गो."

काखेतली ताडपत्री मी तिच्या मुलाशेजारी ओट्यावर ठेवली. घरी येऊन ओल्या कपड्यांनिशी खूप वेळ बसून राहिले. आता ती येईल की नाही, हे मला कळत नव्हतं, आणि विचारायला जाणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. ती होती. हातात हंडा, कळशी, आणि मागे आळीतल्या आणखी काही बायका, जरा अंतर ठेवून. ती कठड्याशी आली, डोक्यावरची चुंबळ काढली आणि सवयीने क्रुसाच्या हातावर अडकवली. मग पोहरा सोडला. मी ओट्यावर कोळंबी सोलत होते, मान वर केली नाही, कारण डोळे भरले होते आणि तिने ते पाहिले असते तर आणखी सुनावलं असतं.

तेवढ्यात तिचा मुलगा फाटकाशी आला. आत आला नाही. बाहेरूनच त्याने विचारलं, "आये, क्रूस झाकला का?"

तिने दोर ओढायचा थांबवला नाही.

"व्हय, झाकलाय," ती म्हणाली. "डोले हायत ना तुला? माजी चुंबल हाय त्याच्यावं."