मेजरकाकूंची ट्रकावरची खोली

मेजरकाकू ट्रकात चढायच्या त्या आधी चपला वर भिरकावून. मग पदर खोचायचा, पायरीवर अनवाणी पाय ठेवायचा, दाराच्या दांड्याला एक हिसका द्यायचा, की साठी उलटलेली ही बाई केबिनमध्ये. खाली उभे असलेले आम्ही धडधाकट पुरुष नुसते बघत राहायचो. "चपला घालून क्लच कळत नाही रे," म्हणायच्या. "गाडीच्या मनात काय आहे ते तळव्याला आधी कळतं." आणि ट्रक तरी साधासुधा होता का? लष्करातून निवृत्त झालेला, उंच नाकाडाचा, माणसाच्या छातीला लागतील अशा चाकांचा. काकूंनी तो लिलावात घेतला तेव्हा गावात हसू झालं. आंब्याच्या पेट्या वाहायला बाईने रणगाडा आणला म्हणे! तेव्हापासून कुणीतरी त्यांना मेजर म्हणायला लागलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. लष्करी हिरवा रंग ठेवून चालत नाही, बदलावा लागतो. काकूंनी तो एसटीसारखा लालभडक करून घेतला.

कारण काका एसटीचे ड्रायव्हर. उभी नोकरी रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावर गेली. आंबा घाट त्यांना आपल्या परसासारखा पाठ. निवृत्त झाल्यावर बागेतल्या कलमांकडे बघू म्हणाले आणि एका सकाळी उठताना अर्धं अंग गेलं. बसायची सोय राहिली नाही, बसवलं तरी मान लटपटायची. वाचा पूर्ण गेली नव्हती, पण काकांनीच बोलणं टाकलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पेजेची वाटी पुढे केली तर ओठ घट्ट. डॉक्टर म्हणाले, आता सेवा करा. भावकी म्हणाली, आता देवाचं नाव घ्या. काकूंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि तडक माझ्याकडे आल्या.

माझं ग्रील-गेटचं वर्कशॉप आहे. शेजारी राहतो म्हणून काकू मला पोटच्या पोरासारखं वागवायच्या, म्हणजे वाटेल तसं बोलायच्या. "बाळ्या, ट्रकावर एक खोली करून दे," म्हणाल्या. "खाट राहील, पाण्याची टाकी राहील, ह्यांचं सगळं करता येईल अशी. आणि शिमग्याला उतरवता आली पाहिजे. आंब्याला मला ट्रक मोकळा लागतो." मी म्हटलं, काकू, काकांना बाहेर न्यायचं तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलावू. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी हातातला ग्राइंडर बंद केला. "अ‍ॅम्ब्युलन्समधून माणूस दवाखान्यात जातो रे मेल्या. मला ह्यांना दवाखान्यात नाही न्यायचं, घाटात न्यायचंय. जन्मभर रस्ता बघितलेला माणूस भिंत बघत मरणार? मी नाही मरू देणार असा." एवढं बोलताना त्यांचा आवाज जराही हलला नाही.

"विचारून बघू नये, करून बघावं," ही त्यांची रोजची म्हण. ट्रक चालवायलाही त्या अशाच शिकल्या होत्या. काकूंना दाद देणारा एक ड्रायव्हिंग स्कूलवाला सापडेना, तर काकांनाच शेजारी बसवून कातळावरच्या मोकळ्या सड्यावर फेऱ्या मारल्या, परीक्षा दिली, लायसन्स घेतलं. तेव्हा काका चांगले होते. इतके ओरडायचे म्हणतात, की सड्यावरची गुरं पळून जायची. आता खोलीसाठी आरटीओचे खेटेही त्यांनीच घातले. कुठला साहेब काय म्हणाला हे सांगून त्या कधी रडल्या नाहीत. परवानगी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "लाग कामाला."

खोलीचं माप त्यांनी खाटेवरूनच दिलं. वर्कशॉपात खाट मांडली, वर गादी टाकली, स्वतः वर मांडी घालून बसल्या आणि डोळ्यासमोर हात आडवा धरला. "खिडकी इथं काप. लांब काप, दोन्ही बाजूंना." चार कोपऱ्यांना पाइपाचे पाय आणि जॅक. पाय खाली सोडले, जॅक फिरवले, की खोली आपल्या पायांवर उभी आणि ट्रक खालून मोकळा. चढवायची तर ट्रक उलटा तिच्याखाली घालायचा. वाडीतली पालखी नाचवणारी भक्कम खांद्याची पोरं दोन्ही बाजूंना उभी राहून "येऊ दे, येऊ दे" करत होती आणि काकूंनी तो अजस्र ट्रक वितीच्या अंतरानं मागे घेतला. कुठे घासला नाही की टेकला नाही. पोरांचं ओरडणं थांबलं, एकाने चक्क हात जोडले.

पण आमची पहिली खोली फुकट गेली. मी पडलो ग्रीलवाला. माझी विद्या एकच, हललं की वेल्डिंग मार, आवळलं की आणखी आवळ. खोली मी ट्रकाच्या चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, आठ ठिकाणी बोल्टांनी अशी जखडली की भूकंप आला तरी हलू नये. काकांच्या जागी खाटेवर तांदळाची पोती बांधली आणि काकूंनी गाडी सड्यावरच्या खडबडीत वाटेला घातली. एक चाक खड्ड्यात, एक धोंड्यावर, आणि मागून फाडकन आवाज आला. बघतो तर कोपरा उसवलेला, दार चौकटीत अडकलेलं, पोतं फुटून तांदूळ खाली. लष्करी ट्रकाची चासी मुळी पीळ खाण्यासाठीच केलेली असते, वेड्यावाकड्या जमिनीवर चारी चाकं टेकावीत म्हणून. चासी वळली आणि माझी खोली वळेना, म्हणून फाटली.

काकू त्या सांडलेल्या तांदळाकडे बघत जांभ्या दगडावर बसल्या. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "ह्यात हे असते तर रे," एवढंच म्हणाल्या. भावकीला आयतंच कोलीत मिळालं. म्हातारीला वेड लागलंय, माणूस रस्त्यात मारील, आणि काय काय. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दारात हजर. "चुलीला धोंडे किती असतात?"

"तीन," मी म्हटलं.

"चार का नसतात? चौथा लावलास की टोप डुगडुगतो. तिनावर ठेव, जमीन कशी का असेना, बसतो की नाही? मग खोलीला आठ ठिकाणी कशाला बांधून घातलंस?"

मी चहा तसाच ठेवून उठलो. पुढे मधोमध एकच जाडजूड पिन घातली, तिच्यावर खोली डावी-उजवीकडे झुलेल अशी. मागे दोन टेकू, खाली रबर. तीनच जागा. पुन्हा पोती बांधून तीच वाट, तोच खड्डा. खाली ट्रक वेडावाकडा होत होता आणि वर खोली डुलत, पण शाबूत. काकूंनी उतरून खोलीच्या कोपऱ्यावरून हात फिरवला, मग माझ्या डोक्यावरून. मग म्हणाल्या, "उद्या ह्यांना नेते."

काकांना खाटेसकट वर चढवलं. चालत्या गाडीत आडवं ठेवायचं, पट्टा बांधून, आणि थांबल्यावर उशांना टेकवून बसवायचं असं ठरलं. खोलीत आणि केबिनमध्ये एकेक इंटरकॉम लावला होता. मी त्यांच्याजवळ बसतो म्हटलं तर काकू म्हणाल्या, "नको. जन्मभर आपल्या सीटवर एकटेच बसलेत. असू दे." मी काकूंच्या शेजारी बसलो. घाट सुरू झाला. काकू थोड्याथोड्या वेळाने इंटरकॉमवर विचारायच्या, "दिसतंय ना हो?" उत्तर नाही. मधल्या एका चढावर इंजिन दमायला लागलं, काकू गिअरकडे हात नेणार, एवढ्यात इंटरकॉमचा डबा खरखरला.

"दुसरा... टाक."

कित्येक महिन्यांत त्या माणसाने तोंडातून शब्द काढला नव्हता. काकूंनी दुसरा टाकला. डोळ्यांतून धारा, पण हात चाकावर घट्ट. "टाकला हो, टाकला!"

"हॉर्न... दे. आंधळं वळण."

वळण आलं. हॉर्न दिला. समोरून खरंच टँकर येत होता.

"दिसतंय ना सगळं?" काकूंनी विचारलं.

"दिसतंय," काका म्हणाले. "सगळं."

मी मोठा माणूस, अक्षरशः रुमाल तोंडाला लावला. त्यानंतर दोन हंगाम शिमग्याला खोली उतरली आणि पाऊस सरल्यावर चढली. काका जेवायला लागले, ओरडायलाही लागले. नाटे बंदरावर मासे उतरताना बघून आले, बुरोंडीच्या किनाऱ्यावर वाळूकडे तोंड करून दुपारभर राहिले. पण जीव घाटातच. दर खेपेला इंटरकॉमवर तेच, गिअर, ब्रेक, हॉर्न. काकू भेटेल त्याला सांगायच्या, "ह्यांना फिरवते मी. सगळं बघतात, अगदी सगळं."

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर काका झोपेतच गेले. त्यानंतर काकू केबिनमध्ये चढल्या नाहीत. पाऊस सरला आणि मला बोलावणं आलं. "खोली चढव. आज गाडी तू चालव. मी मागे झोपते, ह्यांच्या जागेवर. काय बघायचा हा माणूस, ते मला एकदा बघू दे." पट्टासुद्धा बांधून घेतला.

घाट चढताना मी दोनदा विचारलं, "काकू, दिसतंय ना?" उत्तर आलं नाही. वर सपाटीला गाडी लावली, धावत जाऊन दार उघडलं. काकू खाटेवर सरळ पडून होत्या, उघड्या डोळ्यांनी.

"रस्ता दिसत नाही रे इथून," म्हणाल्या. "दरी नाही, वळण नाही. झाडांचे शेंडे आणि आभाळ, बस. मी बसून माप दिलं तुला. झोपून द्यायला हवं होतं."

मी खाटेशेजारी डोकं टेकवून बघितलं. खिडकी खरंच वीतभर वर होती.

"आणि दिसत नाही असं एकदाही बोलले नाहीत. हॉर्न दे म्हणायचे, बरोब्बर वळणावर. काही न दिसता मला घाट चढवायचे रे." त्यांनी पट्ट्यावर हात ठेवला, पण सोडला नाही. "आणि मी गावभर सांगत फिरले, मी ह्यांना नेते म्हणून."