झाकणाविना करंडा

लेखनाचा अधिकार नसताना हे लिहिते आहे, याबद्दल क्षमा असावी. मी लाखेने रंगवलेले जुने लाकडी करंडे जमवते. परवा एका वृद्ध बाईंनी आपल्या आईचा लाल करंडा मला देऊ केला. झाकणावरची लाख एकाच जागी झिजून लाकूड दिसत होते. आई रोज कुंकवासाठी ते उघडताना तिथेच अंगठा टेकवीत असे. बाईंनी स्वतःचा अंगठा त्या जागी ठेवून पाहिला.

“करंडा न्या तुम्ही, ताई. झाकण तेवढं राहू दे माझ्याकडे. वर एखादी वाटी ठेवा, कोण बघतंय!”

मी हसले आणि तसाच घेऊन आले. वाटी मात्र ठेववत नाही. आत कुंकवाची लाली अजून आहे. करंडाही परत नेऊन द्यावा का?