एकादशीचा डबा

हिम्मतराव आमच्या उदगीरकडचा. गळ्यात तुळशीची माळ, आणि पोटापाण्याला मासे कापायचं काम. हैदराबादेत तारनाक्याजवळच्या एका प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं त्यानं हेच केलं. मासा जन्मात कधी तोंडात घातला नाही.

अलीकडे काकिनाड्याहून बर्फात फुगे मासे यायचे. डिवचलं की अंग फुगवणारा, पुढे दात आलेला मासा. हिम्मतराव त्याचं पोट उभं चिरी. आतड्यातले जंत चिमट्यानं उचलून एका बरणीत, कल्ल्यांना चिकटलेले किडे दुसरीत. मग मादीच्या अंड्यांच्या पिशव्या काढून तो अलगद तराजूत ठेवी. माशाच्या वजनाशी त्या ताडून पाहिल्या की वीण किती जवळ आली ते कळे. अंडी पिकत जातात तसं त्या पिशव्यांत विष चढत जातं. ते शिजवून जात नाही, तळूनही जात नाही. त्याला हे पाठ होतं.

त्या दशमीला तीन माद्यांच्या सहा पिशव्या निघाल्या, पिवळ्याजर्द, टम्म भरलेल्या. बरण्या जंतांनी व्यापलेल्या, प्रयोगशाळेचा फ्रीज बंद पडलेला. हिम्मतरावानं आपला स्टीलचा डबा घेतला, पिशव्या त्यात ठेवल्या आणि व्हरांड्यातल्या फ्रीजमध्ये सरकवला. चिठ्ठी राहून गेली. दुसऱ्या दिवशी एकादशी, आणि एकादशीला तो माशाच्या कशालाच हात लावत नसे.

आता हा डबा कोणता, ते ऐका. अकरा वर्षं दर एकादशीला तो त्याच फ्रीजमध्ये असायचा. बायकोनं दिलेली साबुदाण्याची खिचडी हिम्मतराव अर्धी खायचा आणि अर्धी झाडलोट करणाऱ्या भामासाठी ठेवायचा. भामा न विचारता डबा उचलायची आणि गौलीगुड्याला घरी न्यायची. डबा फ्रीजमध्येच राहिल्यानं त्या एकादशीला खिचडी पुडीत बांधून आली होती.

दुपारी तीनला हिम्मतरावानं पाण्यासाठी फ्रीज उघडला. डब्याची जागा रिकामी होती. त्यानं भामाला फोन लावला.

"मामा!" भामा हसत होती. "एकादशीला माळकऱ्याच्या डब्यात माशाची अंडी! आमचे हे म्हणतेत, तुझे महाराज बिघडले."

"खाल्लीस का?"

"नक्को, मामा. पोरगी येणार सासरहून, तिच्यासाठी तळून ठेवले. मी नुसतं मीठ बघितले."

"किती बघितलंस?"

"जरासंच. मिरची लई पडली वाटतं. ओठांना मुंग्या येऊ लागल्या बघा."

ती मिरची नव्हती.

"कुणाला हात लावू देऊ नकोस! नवऱ्याला म्हण, रिक्षा कर. तवा तसाच घेऊन दवाखान्यात या. मी निघालोच."

तो पोचला तेव्हा भामाला खाटेवर घेतलं होतं. हात गळून पडले होते, जीभ जड झाली होती. डॉक्टर विचारत होते, किती खाल्लं?

"चिमूटभर, साहेब," नवरा म्हणाला. "मीठ बघण्यापुरतं."

हिम्मतरावानं तव्यावरची ताटली काढली. एकादशीच्या दिवशी त्यानं त्या तळलेल्या अंड्यांत बोटं घातली आणि एकेक पिशवी बाजूला केली. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा मोजली. पाचच.

"चिमूट नाही, साहेब," तो म्हणाला. "अख्खी एक गेली आहे."

नवऱ्यानं मान खाली घातली. मीठ बघता बघता भामा पुन्हा पुन्हा बघत गेली होती.

मग डॉक्टर थांबले नाहीत. श्वास बंद पडायच्या आधीच त्यांनी नळी घातली. यावर उतारा नाही, म्हणाले. विष उतरेपर्यंत यंत्रच श्वास घेईल. दिवसभर, कदाचित जास्त.

"बेशुद्ध आहे का?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही. सगळं ऐकू येतंय. फक्त पापणीही हलवता येत नाही."

नवरा बाहेर गेला. हिम्मतराव स्टुलावर बसला.

"भामा," तो म्हणाला, "डबा माझा होता. चिठ्ठी मी लावली नाही."

यंत्र श्वास ओढत होतं, सोडत होतं. सिस्टरनं तिच्या डोळ्यांवर ओली पट्टी ठेवली. भामानं ते ऐकलं होतं. त्यावर काय म्हणायचं ते सांगायला तिला उद्याची दुपार गाठायला हवी होती, आणि ती गाठेल असं तिथलं कुणीच म्हणत नव्हतं.